फिरती कोंबडी

ओटीजी विकत घेतला की खोक्यातून ट्रे, जाळी आणि चिमट्याबरोबर एक चौकोनी सळई, स्क्रूवाले दोन काटे आणि एक वाकडी मूठही निघते. बहुतेक घरांत ही सामग्री थर्मोकोलसकट माळ्यावर जाते. नव्याचे नऊ दिवस केक होतो, नानकटाई होते, पनीर टिक्का होतो. सळईच्या वाटेला कुणी जात नाही. दुकानदाराने मात्र विकताना तिचंच कौतुक केलेलं असतं: ‘मॅडम, यात अख्खी चिकन फिरते, काचेतून बघत बसायचं.’

बघत बसायचं हे खरं आहे, त्याबद्दल पुढे सांगतेच. पण घरी सळईवर कोंबडी भाजायला लागल्यापासून माझं एक मत पक्कं झालंय. फिरणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. ते मोटर करते. कोंबडी रसाळ होणार की वाळकी, हे त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं: चिकनच्या दुकानात, मग मीठ लावताना, मग दोऱ्याच्या गाठीत. आणि मसाल्याच्या डब्यापाशी, जिथे आपला हात सहसा आखडत नाही.

घोडं पहिल्यांदा अडतं ते दुकानात. आपल्याकडे चिकन म्हणजे बिनकातडीचं. कोंबडी कापली की दुकानदार पिसांसकट तिची कातडी, अंगातला सदरा काढावा तशी, दोन झटक्यांत उतरवतो आणि विचारतो, ‘करी कट की बिर्याणी कट?’ रश्श्याला हे ठीकच आहे. रश्श्यात शिजलेली कातडी लिबलिबीत होते, ताटाच्या कडेला काढून ठेवावी लागते. सळईवर गणित उलटं. कातडीखाली चरबीचा पातळ थर असतो; तो वितळून ओघळत राहतो, कातडी स्वतः वाळत जाऊन कुरकुरीत होते आणि तिच्या आडोशाला छातीचं मांस थेट आचेपासून वाचतं. बिनकातडीची कोंबडी तासभर फिरवा, छातीचे दोरे दोरे होतात.

म्हणून दुकानात पोचल्यावर पहिलं वाक्य ‘विथ स्किन’. ते कामाला येतं फक्त पिसं काढायचं मशीन असलेल्या दुकानात. कापलेली कोंबडी आधी साठेक अंश तापलेल्या पाण्यात मिनिटभर बुचकळतात. मग ती आतून रबरी बोटं लावलेल्या पिंपात पडते. पिंपाचा तळ गरगरतो, कोंबडी त्या बोटांवर आपटत राहते आणि बघता बघता पिसं पाण्याबरोबर खालच्या फटीतून वाहून जातात. पाणी फार कढत असेल तर कातडीचा वरचा पापुद्रा शिजतो आणि मशीनमध्ये ती फाटते, बहुतेक वेळा छातीवर किंवा मांडीच्या सांध्याशी. फाटलेली कातडी आचेवर आकसते आणि नेमकी जिथे गरज तिथेच मांस उघडं पडतं. त्यामुळे मी कोंबडी उलटीसुलटी करून बघते. आमच्या चिकनवाल्यांना याची सवय झाली आहे.

‘ताई, तंदूर साइज देऊ? नऊशे ग्रॅम भरेल.’

‘नको भाऊ, बाराशेची बघा. आणि पोट छोट्या चिरेतून साफ करा, उभं फाडू नका.’

‘उभं फाडलं की काम लवकर होतं.’

‘होतं, पण मग सळईवर तंगड्या फाकतात.’

यावर ते मान हलवतात आणि चीर लहान देतात, एवढं मला पुरे. तंदूर साइज म्हणजे किलोच्या आतबाहेरची कोंबडी, हॉटेलवाल्यांच्या पसंतीची. ती झटपट भाजून काढायला बरी. सळईवर तासभर ठेवायची तर बारा-तेराशे ग्रॅम बरे पडतात. दीड किलोच्या पुढे जाऊ नये, कारण घरच्या तीसेक लिटरच्या ओटीजीत फिरताना तंगड्या वरच्या तापल्या कांडीला घासायला लागतात. मानेची कातडी थोडी लांब ठेवून घ्यावी, दुमडून पाठीखाली खोचायला. कलेजी-पेटा वेगळा मागून घ्यावा. तो सळईचा नाही, तव्याचा माल.

यानंतर मीठ. ते आदल्या रात्री लावायचं आणि वजनाने लावायचं. कोंबडीच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे बाराशे ग्रॅमला बारा ग्रॅम, बारीक मिठाचे चहाचे दोन सपाट चमचे. त्यातलं थोडं पोटात, जास्त छाती आणि मांड्यांवर. धुतल्याशिवाय चैन पडत नसेल त्यांनी ते मिठाच्या आधी उरकावं, सिंकभर पाणी न उडवता. आणि कागदाने कोंबडी आतून-बाहेरून खडखडीत कोरडी करावी.

मीठ लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बघितलं तर कातडीवर पाण्याचे थेंब आलेले दिसतात. मीठ आतलं पाणी बाहेर ओढतं. इथे पुष्कळ जण घाबरून ते पाणी पुसून टाकतात. पुसू नये. त्या पाण्यात मीठ विरघळतं आणि ते खारं पाणी पुढच्या काही तासांत हळूहळू परत आत जातं. मांसातली प्रथिनं मिठाने सैल होतात. आच लागल्यावर ती नेहमीइतकी घट्ट आवळत नाहीत, त्यामुळे पाणी कमी पिळून निघतं. मोठाल्या दुकानांतली तयार कोंबडी एवढी मऊ का लागते याचंही उत्तर बऱ्याच अंशी हेच आहे. तिथे मिठाचं आणि फॉस्फेटचं पाणी सुयांनी थेट मांसात सोडलेलं असतं. घरी सुया नाहीत, पण रात्र आहे.

कोंबडी फ्रीजमध्ये रात्रभर उघडी ठेवायची. झाकण नाही, प्लास्टिक नाही. फ्रीजची कोरडी हवा कातडीवरचा ओलावा ओढून घेते, आणि सकाळी बोट फिरवलं तर कातडी कागदी, किंचित पारदर्शक लागते. जागा सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे तिचं पाणी कशावर ठिबकणार नाही. हे सांगायला सोपं आहे. मराठी घरात अडचण वेगळीच येते: कोंबडी रविवारची, म्हणजे मीठ शनिवारी लावायचं, आणि शनिवार पाळणारं कुणी ना कुणी घरात असतंच. आमच्याकडे सासूबाईंचा शनिवार. खायचं नाही, हात लावायला हरकत नाही, हा निकाल त्यांनीच दिला. फक्त विरजणाच्या भांड्यापासून ती चार हात लांब ठेवायच्या अटीवर. फ्रीजमध्ये चार हात कुठून आणायचे हा प्रश्न मी विचारला नाही. विरजण वर गेलं.

सकाळी दोरा. हे काम हौसेने करावं असं आहे. सुतळी नको, तिचे धागे जळतात आणि कातडीला चिकटतात. नायलॉन तर नकोच, तो वितळतो. गोधडी शिवायचा जाड, बिनरंगी सुती दोरा उत्तम. पंखांची टोकं पाठीमागे दुमडून खांद्याखाली अडकवायची, तंगड्या एकमेकींवर घेऊन घोट्यांशी आवळायच्या, आणि एक वेढा पंखांवरून छातीभोवती. दोरा असा बसला पाहिजे की कोंबडी उचलून हलवली तर काही लटकता कामा नये. अंगापासून सुटलेलं प्रत्येक टोक फिरताना एकदा तरी कांडीजवळून जाणार आणि सगळ्यात आधी करपणार. पंखाच्या टोकांना मी फॉइलचं टोपणही घालते.

सळई पोटातून घालून मानेशी बाहेर काढायची, अगदी मध्यातून. एक काटा मांड्यांत, दुसरा छातीच्या वरच्या बाजूने, आणि स्क्रू फडक्यात धरून कचकचीत. मग तोल. हे कुठल्याही माहितीपुस्तिकेत लिहिलेलं मी पाहिलेलं नाही, पण सगळ्यात महत्त्वाचं हेच: सळईची दोन टोकं दोन्ही तळहातांवर आडवी ठेवायची आणि सोडून द्यायची. कोंबडी आपोआप गरकन वळते आणि जड बाजू खाली येते. बहुधा छातीचीच. मग सळई काढून छातीच्या हाडाकडे किंचित सरकवून परत घालायची. तळहातांवर ती कुठल्याही बाजूने ठेवली तरी तशीच राहिली की जमलं. परदेशातल्या मोठ्या बार्बेक्यूंना यासाठी वेगळं वजन लावायची सोय असते. आपल्या ओटीजीच्या मोटरला सगळा भार स्वतःच पेलावा लागतो, आणि ती बिचारी असते काही वॅटची. तोल चुकला तर आवाजावरूनच कळतं. जड बाजू वर चढताना घुंई लांबत जाते, शिखरावरून ती पलीकडे कलंडते आणि ‘टक्’ होतं. प्रत्येक फेरीला एक टक्. तासभर हे ऐकण्यापेक्षा पाच मिनिटं आधी तळहातांवर घालवावी.

‘फिरवायचं कुणी’ हा प्रश्न माणसाला फार जुना आहे. युरोपातल्या मोठ्या स्वयंपाकघरांत आधी पोरं बसवत, आगीपुढे, दांड्याला हात लावून. इंग्लंडात त्या कामावर कुत्री आली: भिंतीवर उंच टांगलेल्या चाकात आखूड पायांचं, लांब अंगाचं कुत्रं चालत राहायचं आणि चाकाच्या पट्ट्याने खाली सळई फिरायची. यंत्रं आली तशी ती जात एकोणिसाव्या शतकात संपली. भुसा भरलेलं असं एक कुत्रं वेल्समधल्या ॲबरगॅव्हेनीच्या संग्रहालयात आहे, त्याचं नाव व्हिस्की. लिओनार्दो दा विंचीनेही यात डोकं घातलं होतं. धुराड्यातून वर जाणाऱ्या गरम हवेने पंखा फिरेल आणि पंख्याने सळई, अशी रचना त्याच्या कागदांत काढलेली आहे. तिची गंमत अशी की आग मोठी झाली की सळई आपोआप जोरात फिरणार. आपल्या ओटीजीला ही अक्कल नाही.

इतका खटाटोप का, हे समजून घेण्यासारखं आहे. सळईवर स्थिर ठेवलेल्या मांसाची आगीकडची बाजू जळेल आणि दुसरी कच्ची राहील, हे तर उघडच. पण फिरण्याने आणखी एक गोष्ट होते. कातडीचा कुठलाही एक तुकडा घ्या: तो कांडीसमोरून जातो तेव्हा त्याला सपाटून आच लागते, मग तो पलीकडे वळतो आणि काही सेकंद निवतो. निवतानाच वरची उष्णता आत झिरपते. म्हणजे वरून भरपूर आच देता येते आणि आत मात्र ती संथपणे, बेताने पोचते. मोठ्या आगीवर मंद शिजवण्याची ही युक्ती आहे.

आणि मग ते थेंब. काचेतून बघत बसायचं ते यासाठी. ओटीजी दोनशे अंशांवर, दोन्ही कांड्या चालू, खालच्या ट्रेमध्ये अर्धी वाटी पाणी. पहिली पंधरा मिनिटं विशेष काही घडत नाही. कातडी पिवळट होते, ताणून बसते, दोरा थोडा रुततो. मग काखेपाशी, मांडीच्या घडीपाशी ओल दिसू लागते. पहिले थेंब पाण्याचे. ते सुटून ट्रेमध्ये पडतात आणि चुर्र होतं. वीस-पंचवीस मिनिटांनी चरबी सुटते आणि थेंबांची चाल बदलते. एक थेंब छातीच्या टोकाशी जमतो, फुगतो, आता पडणार असं वाटतं. तेवढ्यात तळ वर यायला लागतो, थेंब बिचकून कडेने मागे धावतो, पंखाला वळसा घालतो, पाठीवर पसरतो. पुढच्या फेरीला तोच प्रकार. दहांतले दोनतीन पडतात, बाकीचे कोंबडीच्याच अंगावर हिंडत राहतात. एरवी ओव्हनमध्ये भाजताना दर पंधरा मिनिटांनी दार उघडून चमच्याने चरबी ओतावी लागते आणि तेवढ्यात निम्मी धग बाहेर जाते. इथे दार उघडायचंच नाही.

आखातात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना या थेंबांचं मोठं रूप माहीत असतं. रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांतली माणसं दुबई, मस्कत, कुवेतला राहून आलेली. तिथल्या हॉटेलांच्या दारात काचेच्या उंच कपाटात एकाखाली एक सळया, प्रत्येकीवर ओळीने कोंबड्या, मागे ज्वाला. वरच्या सळईची चरबी खालच्या कोंबडीवर, तिची त्याखालच्या. म्हणून जाणकार खालच्या सळईवरची मागतो. घरी एकच कोंबडी, तिने स्वतःच्याच चरबीवर भागवायचं. पाऊण तासाने थोडं लोणी किंवा तेल ब्रशने लावलं तर वावगं नाही, पण चांगल्या कातडीच्या कोंबडीला ते लागत नाही.

ट्रेमध्ये पाण्याऐवजी बटाटे ठेवावेत, असा माझा सल्ला. आधी अर्धवट उकडलेले, सोललेले, चौकोनी फोडी. त्यांच्यामुळे चरबी ट्रेवर जळत नाही, धूर होत नाही. आणि कोंबडी बिघडली तरी बटाटे बिघडत नाहीत. सोसायटीत राहणाऱ्यांसाठी धुराचा मुद्दा लहान नाही. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की चार मजल्यांना बातमी जाते.

आता मसाला. इथे माझं घरात कुणाशीच जमत नाही. आपल्या मनात भाजलेली अख्खी कोंबडी म्हणजे तंदुरी. दही, आलं-लसूण, तिखट, गरम मसाला, असं जाड लिंपण. ते तंदुरात बरोबर आहे. 1947 मध्ये दिल्लीच्या दरियागंजात मोती महल सुरू झालं आणि तंदुरी चिकन देशभर पोचलं, त्यात कोंबडी लहान, बिनकातडीची, चिरा दिलेली. तंदुराच्या भिंती चारी बाजूंनी धग देतात, म्हणून सळया नुसत्या उभ्या ठेवल्या तरी चालतं आणि काम फार थोड्या वेळात आटोपतं. दह्याचं लिंपण तिथे कातडीचं काम करतं. रायगडातल्या पोपटीत मसाला लावलेली कोंबडी भांबुर्डीच्या पाल्यात, वालाच्या शेंगांबरोबर बंद मडक्यात वाफेवर शिजते. तिथेही मसाला जळायचा प्रश्न नाही. पण सळईवर, उघड्या कांडीसमोर तासभर? दह्याने कातडी ओली राहते, आणि ओली कातडी शंभर अंशांच्या वर जात नाही. खरपूस रंग यायला पृष्ठभाग कोरडा होऊन एकशेचाळीसच्या आसपास पोचावा लागतो. रात्रभर फ्रीजमध्ये वाळवून जे कमावलं ते दह्याच्या एका वाटीत घालवायचं. लसूण काळी पडते, गरम मसाला कडवट होतो, आणि थेंबांबरोबर निम्मं ट्रेमध्ये उतरतं.

ज्या देशात ही कोंबडी राष्ट्रीय वेड होऊन बसली आहे, त्या पेरूचं उदाहरण मला बोलकं वाटतं. 1950 च्या सुमारास लिमाजवळ सांता क्लाराला रॉजर शूलर नावाच्या स्विस गृहस्थाने कोळशावर फिरती कोंबडी विकायला सुरुवात केली. बऱ्याच सळया एकाच वेळी फिरवणारं यंत्र त्याला फ्रान्झ उलरिक या दुसऱ्या स्विस माणसाने करून दिलं. सुरुवातीला त्या कोंबडीला लावलेलं असे ते फक्त मीठ. जिरं, मिरची, सोया सॉस वगैरे नंतर चढत गेलं. आज ‘पोयो आ ला ब्रासा’ला पेरूत स्वतःचा दिवस आहे, जुलैचा तिसरा रविवार. तिखट हवं त्यांच्यासाठी मिरचीची पातळ चटणी वाटीत बाजूला असते. तिखट बाहेर ठेवायचं, ही त्यांची शहाणी सोय.

मसाला हवाच असेल तर तो कातडीच्या खाली घालावा. गोव्याच्या काफ्रेआलच्या धर्तीवर कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, लसूण, मिरी, थोडी दालचिनी असं वाटण, पण घट्ट, पाण्याचा थेंब न घालता. छातीच्या खालच्या टोकाशी कातडी बोटाने उचलली की एक पातळ पडदा जाणवतो. बोट आडवं ठेवून, नख मांसाकडे करून तो हलके फोडत पुढे जायचं. मधल्या हाडावर कातडी घट्ट चिकटलेली असते, तिथे जबरदस्ती केली की फाटते. दोन्ही बाजूंनी खिसे करावे आणि मध्ये सोडून द्यावं. त्या खिशांत वाटण सारून वरून तळव्याने पसरवायचं. मांड्यांपर्यंत बोट पोचतं, तंगडीपर्यंत नाही, तिथे हट्ट नको. असं केल्यावर लसूण जळत नाही, चरबीत शिजते. वरून लावायची तर फक्त काश्मिरी मिरची, तेलात कालवून, शेवटच्या पंधरा मिनिटांत. मध आणि साखर लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ती कांडीसमोर स्वतःच काळी होऊन उत्तर देते.

झाली हे कसं ओळखायचं? रंगावर जाऊ नये. ओटीजीत रंग फसवतो, चाळीस मिनिटांतच कोंबडी जाहिरातीतली दिसू लागते आणि मांडीचा सांधा आत गुलाबी असतो. बाराशे ग्रॅमला दोनशे अंशांवर साधारण तास-सव्वा तास लागतो. सुईचा थर्मामीटर घेणं हा खरा उपाय, फार महाग नसतो. मोटर बंद करून सुई मांडीच्या जाड भागात घालायची, हाडाला आणि सळईला न लावता, कारण धातू आणि हाड वेगळाच आकडा दाखवतात. 74 अंशांना जंतूंचा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो. छातीला तेवढं पुरे, त्यापुढे ती सुकत जाते. मांडीला आणखी दहा अंश मिळाले तर तिच्यातले चिवट धागे विरघळून ती सुटसुटीत होते. निसर्गाने एकाच कोंबडीत दोन पदार्थ ठेवलेत आणि त्यांच्या वेळा जुळत नाहीत. बांधताना तंगड्या अंगाशी फार करकचून आवळल्या तर मांडीच्या आतल्या बाजूला आच पोचत नाही आणि ही तफावत वाढते. घोटे बांधावे, मांड्या चेपू नयेत.

सुई 74 सांगते आणि तरी कापल्यावर हाडाशी तांबूस दिसतं, असं हमखास होतं. मग टेबलावर कुणीतरी बशी दूर सारतं. ‘कच्चं आहे गं.’ तसं नसतं. आपल्याला मिळणारी ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांची. तिची हाडं पोरसवदा, सच्छिद्र, आणि शिजताना आतल्या मगजाचा लाल रंग त्यांतून झिरपून लगतच्या मांसाला लागतो. तो रंग वाफ निघेपर्यंत शिजवलं तरी जात नाही. सासूबाईंना हे पटायला थर्मामीटर त्यांच्याच हातात द्यावा लागला. आता सुई त्याच घालतात आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवतात.

ओटीजीला मोटर नसेल किंवा ओटीजीच नसेल तर? दुधाची तहान ताकावर भागते, आणि हे ताक वाईट नाही. उंच जाळीवर कोंबडी एका कुशीवर ठेवून वीस मिनिटं, दुसऱ्या कुशीवर वीस, मग छाती वर करून उरलेला वेळ. फ्रेंच घरांतली जुनी पद्धत हीच. एअर फ्रायरमध्ये आधी पालथी, मग उताणी. त्याचा पंखा कातडी झकास वाळवतो, फक्त कोंबडी लहान हवी. आणखी एक प्रकार अमेरिकेत फार लोकप्रिय आहे: 120 अंशांच्या आसपास चार-पाच तास ठेवून द्यायची. मांस हाडावरून गळून पडतं, कातडी मात्र ओली आणि ढिली. सँडविचला ठीक. मला त्यात भाजल्याचं समाधान मिळत नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना हा सगळा उपद्व्याप हास्यास्पद वाटतो, आणि त्यांचंही बरोबर आहे. कॉस्टकोत तयार फिरती कोंबडी पाच डॉलरला एक सेंट कमी, हा भाव 2009 पासून त्यांनी हलू दिलेला नाही. वर्षाला अशा दहा कोटींहून जास्त विकल्या जातात. न्यू जर्सीतली माझी मामेबहीण ती आणते, हाडं काढते आणि अर्ध्या तासात बिर्याणीचा थर लावते. घरी फिरवणं तिच्या दृष्टीने रिकामपणचा उद्योग. तिच्या देशात घरगुती सळईचं यंत्रही एकेकाळी धडाक्याने खपलं आहे: रॉन पोपील या हाडाच्या विक्रेत्याने 1998 मध्ये ते टीव्हीवर विकायला काढलं, दर्शनी काच आणि वर टायमर लावून. लावा आणि विसरून जा, असा त्याचा एकूण प्रचार. मला त्यातलं ‘लावा’ पटतं. विसरायला होत नाही.

बाहेर काढल्यावर सळई लगेच ओढू नये. वाकड्या मुठीने उचलून ताटावर आडवी ठेवावी आणि पंधरा मिनिटं हात लावू नये. आतला रस या वेळात दाटतो. लगेच कापलं तर तो ताटात. फॉइलने झाकू नये, वाफेने कातडी मऊ पडते. मग काट्यांचे स्क्रू, ते अजून चटका देतात, फडकं घ्यावं. दोरा कापताना तो कातडीचा तुकडा सोबत ओढतो, म्हणून थोडा ओला करून मग सोडवावा. आधी तंगड्या सांध्यातून, मग छातीच्या दोन्ही बाजू हाडालगत सुरी चालवून आख्ख्या उतरवायच्या आणि आडव्या कापायच्या, म्हणजे प्रत्येक कापाला कातडीची कड येते. पाठीवर कमरेच्या हाडाच्या खळग्यात दोन गोल, बोराएवढे तुकडे असतात. सगळ्या कोंबडीतलं सगळ्यात रसाळ मांस ते. पाहुण्यांना ते ठाऊक नसतात आणि मी सांगत नाही.

सोबत काय, यावर आमच्याकडे एकमत नाही. मुलांना पाव आणि लसणाचं पांढरं सॉस, नवऱ्याला तांदळाची भाकरी आणि कच्चा कांदा. सासूबाई अजूनही पहिल्या घासाला विचारतात, ‘रस्सा नाही का?’ त्यांच्यासाठी सांगाडा राखून ठेवते. दुसऱ्या दिवशी तो मोडून कुकरमध्ये, कांद्याचे दोन तुकडे, चार मिरी, ठेचलेलं आलं आणि बुडेल इतकं पाणी. तीन शिट्ट्या आणि मग मंद आचेवर वीस मिनिटं. भाजलेल्या हाडांचं अळणी नेहमीच्या अळणीपेक्षा गडद होतं, त्याला धुराचा किंचित वास असतो, आणि त्यात शिजवलेल्या भाताला फोडणीची गरज लागत नाही. मीठ मात्र चाखूनच घालावं, आदल्या रात्रीचं त्यात असतंच. उरलेलं मांस डब्यात राहतं, पोळीत गुंडाळायला कामी येतं. कातडी तेवढी उरवू नये. फ्रीजमध्ये रात्रभर बंद राहिली की ती चामट होते आणि पुन्हा तापवून काही उपयोग होत नाही. ती त्याच दुपारी, उभ्या उभ्या, कापता कापता संपवायची असते.